साभार परतसुद्धा येत नाही तेव्हा

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय:

"ताई, मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात राहते, वय बत्तीस. मी आणि मिस्टर मिळून ई-सेवा केंद्र चालवतो, थोडी शेती आहे. लग्नाआधीपासून कथा लिहायलेय. दिवाळी अंकांना पाठवते, स्पर्धांना पाठवते. एकदा फक्त 'आपली कथा स्वीकारता येत नाही, क्षमस्व' असा मेल आला, बाकी ठिकाणाहून काहीच नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. माझी मैत्रीण फेसबुकवर चारोळ्या टाकते, तिला लोक कवयित्री म्हणतात. एका प्रकाशकाला फोन केला तर म्हणले पंचेचाळीस हजार भरा, पुस्तक काढून देतो, पुरस्काराचं पण बघू. सासूबाई म्हणतात रात्री लाईट जाळून काय भेटतं तुला. खरं सांगू का ताई, आता मलाच वाटायलंय की आपल्यात ते नाहीच. सोडून देऊ का? सोबत एक कथा जोडलीय, वेळ मिळाला तर बघा."

अगं, कथा वाचली. दोनदा वाचली. पण पहिल्या दिवशी वाचता आली नाही, कारण फाईल उघडली तर समोर सगळी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, मराठी एक शब्द नाही. मला लगेच अंदाज आला कारण हे मी पूर्वी बघितलंय. तू ज्या फॉन्टमध्ये टाईप केलंस ना, डीव्हीबीटीटी सुरेख, सरकारी कामात वर्षानुवर्षं चालत आलेला, तो युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर आपोआप नीट दिसणारा, नाहीये. तुझ्या केंद्रातल्या कॉम्प्युटरवर तो टाकलेला आहे म्हणून तुला नीट दिसतं, पण समोरच्याकडं तो नसला की त्याला नुसता अक्षरांचा काला दिसतो. मी कन्व्हर्टर लावून ती युनिकोडमध्ये आणली, कारण मला तुला उत्तर द्यायचंच होतं. पण जुलैच्या शेवटी ज्याच्या मेलबॉक्समध्ये कथांचा ढीग पडलाय तो माणूस एवढं करत बसत नाही, तो पुढची फाईल उघडतो.

म्हणजे इतकी वर्षं तू ज्याला नकार समजून मनात साठवत बसलीस त्यातलं काही तर कुणी वाचलेलंच नाही. यावर तू चिडशील, चिड, पण आधी एवढं लक्षात घे की जे वाचलंच गेलं नाही त्याच्यावरून तू स्वतःबद्दल निकाल लावून मोकळी झालीस आणि तो निकाल मला अजिबात मान्य नाही.

फॉन्टचं काम आजच्या आज करून टाक. मंगल किंवा कुठलाही युनिकोड फॉन्ट घे, इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड येत असेल तर उत्तमच, नसेल तर मोबाईलवर जसं टाईप करतेस तसं फोनेटिक चालतं. जुन्या सगळ्या कथा कन्व्हर्ट कर, आणि कन्व्हर्ट झाल्यावर एकदा डोळ्याखालून घाल कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. पाठवताना वर्ड फाईल आणि पीडीएफ दोन्ही जोड. पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन आणि शब्दसंख्या टाक.

आता शब्दसंख्येवरून आठवलं, तुझी कथा साधारण पाच हजार शब्दांची आहे आणि बरेच अंक आवाहनातच मर्यादा लिहितात, दोन हजार, अडीच हजार, कुणी तीन. तू ते आवाहन वाचून पाठवतेस का नुसता मेल आयडी शोधून पाठवतेस? पत्रावरून मला वाटलं की नुसता आयडी शोधूनच पाठवतेस, कारण तू लिहिलंयस की मागच्या साली सप्टेंबरमध्ये तीन अंकांना कथा पाठवली. सप्टेंबरमध्ये अंक छपाईला गेलेला असतो गं. बहुतेक अंकांचं साहित्य जुलैअखेरपर्यंत मागवतात, काहींचं जूनमध्येच बंद होतं, काही ऑगस्टपर्यंत ओढतात. सप्टेंबरला आलेली कथा कितीही चांगली असली तरी तिच्यासाठी पान उरलेलं नसतं.

मी काही वर्षं एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा पहिल्यांदा वाचून वेगळ्या काढायचं काम केलंय, म्हणून टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं ते तुला सांगते, कारण लांबून असं वाटतं की तिकडं कुणीतरी न्यायाधीश बसलाय आणि तो आपल्याला लेखक आहे की नाही ते ठरवतोय. तसं काही नसतं. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आलीय आणि आजही बहुतेक छोटे अंक एखाददुसरा माणूस आपली नोकरी सांभाळून रात्री जागून काढतो. जाहिराती किती मिळाल्या त्यावर पानं ठरतात. त्यात निमंत्रित लेखक असतात, ज्यांना संपादकानं स्वतः फोन करून कथा मागितलेली असते, त्यांना नाही म्हणता येत नाही. एखादा परिसंवाद असतो, कविता, भविष्य असतं. हे सगळं बसवून झाल्यावर नव्या माणसाच्या कथेला जागा उरते ती दोन-तीन कथांची, कधी एकाचीच. त्या एका जागेसाठी आलेल्या कथांमधल्या चार जरी छापण्यासारख्या असल्या तरी तीन परत जाणारच, आणि त्या तिघांना 'तुमची चांगली होती, जागा नव्हती' हे कळवायला कुणाकडं वेळ नसतो. पूर्वी पाकिटात तिकीट लावलेलं दुसरं पाकीट घालून पाठवलं की निदान 'साभार परत'ची चिठ्ठी यायची, लोक ती वाचून रडायचे, पण कुणीतरी हातात घेतलं होतं एवढं तरी कळायचं. मेल आल्यापासून तेही गेलं. हे वाईट आहे, संपादकांनी दोन ओळींचं तरी उत्तर द्यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, पण ते देत नाहीत म्हणजे तुझी कथा टाकाऊ होती असं होत नाही.

कथा कुठल्या कारणांनी बाजूला पडते तेही सांगते. त्याच विषयावरची निमंत्रित लेखकाची कथा आधीच आलेली असते. अंक विनोदी असतो आणि कथा गंभीर असते. वाचणारा माणूस शहरात वाढलेला असतो आणि त्याला तिफण, पाळी, रास असल्या शेतीतल्या शब्दांतलं काही कळत नाही, तो पाचव्या ओळीला थांबतो. आणि हो, कथा कच्ची असते, हे कारणही असतंच, बऱ्याच वेळा असतं, ते मी लपवणार नाही. पण तुला आलेल्या शांततेत यातलं कुठलं कारण होतं ते ओळखायचा काहीच मार्ग नाही. तू शेतीतली बाई आहेस, पहिली पेरणी उलटली की आपण लगेच बियाणं बोगस होतं म्हणत नाही, आधी ओल किती होती ते विचारतो.

तुझ्या कथेकडं येते आता, कारण मला खरं तर त्याच्याबद्दलच बोलायचंय.

आजीचा अंगठा मशीनवर उठत नाही म्हणून निराधारचे पैसे अडकलेत, ती तुझ्या केंद्रावर येते, ही गोष्ट तू लिहिलीस तशी मी दुसरीकडं कुठं वाचलेली नाही. जन्मभर कापूस वेचून, खुरपून, भांडी घासून बोटाच्या रेषा गेलेल्या बायका सगळ्या मराठवाड्यात आहेत आणि त्यांचा अंगठा मशीन घेत नाही हे आपल्याला सगळ्यांना माहितीय, पण त्यांच्यासमोर खुर्चीत बसलेल्या पोरीला काय वाटतं हे कोण लिहिणार? तूच लिहू शकतेस, कारण त्या खुर्चीत तू बसतेस. आणि ते तू लिहिलंयस. आजी अंगठा पदराला पुसते, मग बाहेरच्या नळावर जाऊन निरम्यानं धुऊन येते, मग तेलाचा हात लावून येते. आणि पोरगी तीनदा "उद्या या आजी" म्हणते, पहिल्यांदा उठून हाताला धरून म्हणते, दुसऱ्यांदा बसल्या बसल्या म्हणते आणि तिसऱ्यांदा स्क्रीनवरची नजर न काढता म्हणते. हे वाचताना माझ्या पोटात तुटलं. पोरगी वाईट नाही आणि तरी ती हळूहळू तशी व्हायलीय, हे तू एका शब्दानं न सांगता दाखवलंस. ज्या बाईला हे जमतं तिनं 'आपल्यात ते नाहीच' असं म्हणणं बरोबर नाही, बास.

पण हे सगळं चौथ्या पानावर आहे. त्याच्या आधी साडेतीन पानं काय आहे? पहाट, पूर्वेचा लालिमा, पाखरांचा किलबिलाट, मग गावाचं वर्णन, मग केंद्र कसं सुरू केलं ती हकीकत. ते सगळं काढ. मी जेव्हा कथा चाळायचे तेव्हा पहिलं पान वाचून दुसऱ्यावर जायचं का नाही ते ठरायचं, आणि पहाटेनं सुरू होणाऱ्या कथा एवढ्या यायच्या की पुढं काय असेल याची उत्सुकताच मरायची. तुझी कथा मशीनचा लाल दिवा लागतो तिथून सुरू होते. तिथून लिही. गावाबद्दल जे सांगायचंय ते आजी बोलता बोलता सांगेल.

दुसरं, आणि हे मला जास्त लागलं. आजी तुझ्या कथेत म्हणते, "बाळा, माझ्या अंगठ्याचा ठसा उमटत नाहीये का?" खरं सांग, तुझ्या केंद्रावर अशी बोलणारी आजी आजपर्यंत आलीय का? ती म्हणत असेल, "काहून उठंना गं माय, मागल्या बारीला तर उठला व्हता." तू हे रोज ऐकतेस आणि लिहिताना शाळेतल्या बाईंच्या भाषेत करून टाकतेस, कारण तुला भीती आहे की पुण्या-मुंबईच्या माणसाला कळणार नाही किंवा तो हसेल. त्या एका मेलमुळं ही भीती आणखी वाढली असेल. पण भाषा धुऊन दिल्यावर तुझ्याकडं राहतं काय? निवेदन तुला प्रमाण भाषेत करायचं असेल तर कर, ते तुझ्यावर आहे, पण माणसं त्यांच्या तोंडानं बोलू दे. एखादा शब्द वाचकाला अडला तर पुढच्या वाक्यात त्याला तो कळतो, वाचक एवढा कच्चा नसतो. आपल्याकडच्या बोलीत लिहून कुणी मोठं होत नाही असं तुला वाटत असेल तर तुझ्याच जिल्ह्यात बघ, आसाराम लोमटे परभणीत राहून पत्रकारी करत इथल्याच माणसांच्या कथा लिहित राहिले आणि २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या कथासंग्रहाला मिळाला. कादंबरीला नाही, कथांना मिळाला, हे मुद्दाम सांगतेय कारण कथा लिहिणाऱ्याला लोक सारखं विचारतात की कादंबरी कधी.

तिसरं, शेवटचं पान. आजी निघून गेल्यावर पोरगी मनातल्या मनात व्यवस्थेवर एक पानभर भाषण देते, गरिबांना न्याय कधी मिळणार, डिजिटल इंडिया कुणासाठी वगैरे. त्यातलं सगळं खरं आहे. पण तिसऱ्या "उद्या या" नंतर ते मला आधीच कळलेलं असतं आणि तू परत समजावून सांगतेस तेव्हा मला वाटतं हिचा माझ्यावर विश्वास नाही. ते पान काढ. एवढं केलंस की कथा अडीच हजारात आपोआप येते, वेगळी कापाकापी करायला लागत नाही.

हे वाचून तुला वाटेल ताईनं कथा चांगली म्हणता म्हणता अर्धी फाडली. पण हेच तर तुला आजपर्यंत कुणी दिलं नाही ना. माझं सगळ्या पत्रावरून जे मत झालं ते हेच आहे की तुला संपादकाची एवढी गरज नाहीये जेवढी एका वाचणाऱ्या माणसाची आहे, पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचून 'इथं कंटाळा आला, इथं रडू आलं, इथं खोटं वाटलं' एवढं सांगणारं कुणीतरी. सात-आठ वर्षं एकटीनं लिहायचं, एकटीनं पाठवायचं आणि एकटीनं शांतता ऐकायची, यात कुणाचाही धीर सुटेल. तू कमजोर नाहीस, तू एकटी पडलीस. ते आधी दुरुस्त करायला पाहिजे.

वाचणारं माणूस कुठं भेटेल? तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बघ. आपल्याकडं १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं गावोगाव अनुदानावरची वाचनालयं झाली, काहींची अवस्था बिकट आहे हे खरंय, पण तालुक्याला एखादं तरी धड चालतं आणि तिथं दिवाळीनंतर थोडे पैसे भरून महिनोन्‌महिने दिवाळी अंक घरी न्यायला मिळतात. ती वर्गणी भर. याचे दोन फायदे, एक तर ज्या अंकाला कथा पाठवायची तो अंक तू आधी वाचलेला असशील, आणि दुसरं म्हणजे तिथं नेमानं येणारी दोन-चार माणसं तुला दिसतील, रिटायर मास्तर असतील, एखादी नर्स असेल, कॉलेजची पोरगी असेल. त्यातल्या एकाला कथा दे. मराठवाडा साहित्य परिषदेच्या शाखा बऱ्याच ठिकाणी आहेत, त्यांच्या कार्यक्रमाला एकदोनदा जाऊन बस, पटलं तर जा नाही तर नको, काही ठिकाणी नुसते हारतुरे असतात हे मलाही माहितीय. पण परिषदेचं 'प्रतिष्ठान' हे नियतकालिक मात्र वाच, आणि पुढं तिथंही कथा पाठव. दिवाळी अंक म्हणजेच सगळं साहित्य असं धरून बसू नको, वर्षभर चालणाऱ्या नियतकालिकांना कथा लागतातच आणि तिथं जुलैसारखी झुंबड नसते.

तुझ्या वेळेचं एक सांगते, मला ते फार महत्त्वाचं वाटतं. तुझा जुलै कसा जातो ते मी कल्पना करू शकते, शेतात खुरपणी आणि केंद्रावर खरीप पीक विम्याची मुदत जवळ आलेली, सर्व्हर डाऊन, बाहेर रांग. त्याच्या आधी जूनमध्ये पेरणी आणि पोरांचे ॲडमिशनचे दाखले. आणि नेमकं तेव्हाच अंकांची मुदत. तू दरवर्षी त्या गडबडीत कथा लिहायला बसतेस, ती होत नाही, मग पोळ्यानंतर जरा मोकळं झालं की संपवून सप्टेंबरला पाठवतेस. हे चक्र उलटं कर. हरभरा निघाला, ज्वारीची रास झाली की मार्च, एप्रिल, मे हे तुझे महिने. अक्षय तृतीयेपर्यंत कथा संपवायची, महिनाभर तिला हात लावायचा नाही, मेच्या शेवटी एकदा मोठ्यानं वाचायची आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस पडायच्या आत पाठवून मोकळं व्हायचं. जुलैमध्ये तुला कथेचा विचारसुद्धा करायचा नाही. एक कथा एका वेळी एकाच अंकाला पाठव, दोघांनी छापली तर दोन्हीकडचं नाव जातं. आणि फेसबुकवर किंवा ग्रुपवर आधी टाकू नको, बरेच संपादक ते प्रकाशित झालं असं धरतात.

मैत्रिणीचं. तिला लाईक मिळतात याचं तुला वाईट वाटतं हे तू लिहिलं नाहीस पण ओळीओळीत आहे. वाटू दे, त्याची लाज नको. तिचा हेवा करण्यासारखं एकच आहे, तिला लगेच कळतं की कुणीतरी वाचलं, आणि ती गोष्ट तुलाही मिळायला पाहिजे हे मी वर सांगितलंच. पण तिचं काम वेगळं आणि तुझं वेगळं. चार ओळी लोक चालता चालता वाचतात, तुझ्या आजीसाठी त्यांना पंधरा मिनिटं बसावं लागेल.

पंचेचाळीस हजार अजिबात देऊ नको. हे मी हात जोडून सांगते. स्वतःच्या पैशानं पुस्तक काढणं हा काही गुन्हा नाही, खूप चांगल्या लोकांनी काढलीत, पण त्यात तुला हिशेब कळला पाहिजे, कागद किती, छपाई किती, प्रती किती, त्या कुठं विकणार, करार काय. जो माणूस तुझं एक पान न वाचता आकडा सांगतो आणि वरून पुरस्काराचं बघू म्हणतो तो पुस्तक विकत नाही, तो तुला आशा विकतोय. असे लोक आयएसबीएन नंबरचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीच्या क्रमांकाचे, वेगळे पैसे लावतात, तर तो नंबर आपल्या देशात राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी एजन्सीकडून फुकट मिळतो, हे माहिती असू दे. तुझ्या लिखाणाचा कॉपीराईट लिहिल्या क्षणापासून तुझाच असतो, १९५७ च्या कायद्यानं, त्यासाठी नोंदणी लागत नाही, म्हणून 'सर्व हक्क प्रकाशकाकडे' असल्या कागदावर सही करू नको. पुढं दहा-बारा पक्क्या कथा जमल्या की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिलंच पुस्तक असणाऱ्यांसाठी, ते अर्ज मागवतात, हस्तलिखित वाचून निवड करतात आणि प्रकाशनासाठी अनुदान देतात. पण ती पुढची गोष्ट झाली, आत्ता तुझ्याकडं एक कथा आहे जी पक्की व्हायच्या जवळ आलीय, तिच्यामागं लाग.

आता तो प्रश्न, सोडून देऊ का.

मी तुला 'सोडू नको' असं नुसतं म्हणणार नाही. लिहिणं सोडून माणूस मरत नाही, तुला घर आहे, केंद्र आहे, शेत आहे आणि त्यातलं प्रत्येक काम लिहिण्याइतकंच खरं आहे. पण एवढं बघ की तुला शंका कधी येते. रात्री सगळं झाकून झाल्यावर, मेल उघडून बघितल्यावर, कुणाचं तरी नाव छापून आलेलं बघितल्यावर येते ना? ती शंका तुझ्या कथेबद्दल काहीच सांगत नाही, ती दमलेल्या माणसाला येते, तिच्यावर निर्णय घेऊ नको, झोप. पण कधीकधी लिहिताना मध्येच हात थांबतो, हे वाक्य खोटं वाटतंय, आजी असं बोलणार नाही असं आतून वाटतं, ती शंका मात्र सोडू नको, तिच्या मागं जा. मला तर वाटतं आजीचा तो संवाद लिहितानाही तुझा हात थांबला असणार आणि तू स्वतःचं ऐकलं नाहीस.

तुझ्या परभणीतच बी. रघुनाथ होऊन गेले. निजामाचं राज्य, कारभार उर्दूत, मराठी पुस्तकं छापणारे लांब पुण्या-मुंबईला, आणि हा माणूस बांधकाम खात्यात कारकुनी करायचा. १९१३ ला जन्म, १९५३ ला गेले, म्हणजे चाळिशीतच, आणि तेवढ्यात कविता, कथा, कादंबऱ्या लिहून ठेवल्या. आज परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे, पण ते नाव लागायच्या आधीची वर्षं आठव, दिवसभर सरकारी कागद आणि रात्री स्वतःचे कागद. तुझी दुपार तशीच जाते की, सातबारा, फेरफार, दाखले. ते काम तुझ्या लिखाणाच्या आड येतं असं तू समजतेस आणि मला उलट दिसतं, तुझ्या दुकानात दिवसभरात जेवढी माणसं आपापलं गाऱ्हाणं घेऊन येतात तेवढी माणसं एखाद्या पूर्णवेळ लेखकाला महिन्यात भेटत नाहीत. काऊंटरखाली एक वही ठेव. कथा लिहायची नाही तिच्यात, फक्त कोण काय बोललं ते त्याच्या शब्दात टिपायचं, नाव न लिहिता, कारण लोक विश्वासानं कागद आणतात आणि तो विश्वास कथेपेक्षा मोठा आहे. कथेत आणताना माणूस ओळखू येणार नाही एवढं बदल.

राहिल्या सासूबाई. त्या विचारतात लाईट जाळून काय भेटतं, आणि तुला ते टोमणा म्हणून लागलं. असेलही. पण त्यांनी आजपर्यंत तुझी एक तरी कथा ऐकलीय का? तू पत्रात लिहिलंयस की त्यांना वाचता येत नाही. मग त्यांना तू रात्री काय करतेस ते कळणार कसं, त्यांना फक्त लाईट दिसते. ही आजीची कथा दुरुस्त करून झाली की एखाद्या दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्यांना वाचून दाखव. अंगठा न उठणाऱ्या बायका त्यांच्या ओळखीच्या असतील, कदाचित त्यांचा स्वतःचाही उठत नसेल. मात्र वाचून झाल्यावर कशी वाटली म्हणून विचारू नको, त्यावर कुणीही चांगली आहे म्हणतं. त्या मध्येच कुठं थांबवतात, 'आसं नसतंय गं, ती पहिल्यांदा आसं करंल' कुठं म्हणतात, ते पेन्सिलनं समासात लिहून घे, आणि मग ती कथा मला परत पाठव, या वेळी युनिकोडमध्ये.